मालकाशी नाते

धाकट्याने आयुष्यात बरीच कामं अर्धवट टाकली होती. घरातला नळ तीन वर्षं ठिबकत होता, आणि कपाटाचं दार उघडताना एका हाताने धरून ठेवावं लागायचं. स्वतः नावाजलेला मोटरसायकल मेकॅनिक असून स्वतःची स्कूटर तो ढकलत सुरू करायचा. पण थोरल्या भावावरचा राग मात्र त्याने बावीस वर्षं नियमित तेलपाणी करून चालू स्थितीत ठेवला होता.

हा राग जन्मला थोरल्याच्या मुलीच्या लग्नात. धाकटा नवा शर्ट घालून, नखांतलं काळं अर्धा तास घासून गेला होता. निम्मं निघालं. थोरल्याने व्याह्यांना वहिनीचे भाऊ, त्या भावांचे साडू आणि शेजारचे दोन निवृत्त अधिकारी अशा सगळ्यांची ओळख करून दिली. मग उरलेल्या निम्म्या काळ्याकडे बघत तो म्हणाला, "आणि हा आमचा मेकॅनिक. आमच्या जुन्या मोटरसायकलीला याच्याशिवाय कोणी हात लावत नाही."

व्याह्यांना आनंद झाला. त्यांच्या गाडीचा क्लच घसरत होता. जेवणाच्या आत धाकट्याने तो ताणून दिला.

मोटरसायकल बाबांची होती. एका सिलिंडरची, काळी, टाकीवर सोनेरी रेघ. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे, "कंपनीतून आणली तशी आहे. एक नट बदललेला नाही." जाताना त्यांनी मोटरसायकल थोरल्याला दिली आणि हत्यारांची पेटी धाकट्याला. म्हणजे एकाच्या वाट्याला गाडी आली आणि दुसऱ्याच्या वाट्याला तिची सेवा.

लग्नानंतरच्या पहिल्या सर्व्हिसिंगला धाकट्याने गाडीचा हॉर्न काढला आणि दुसरा लावला. बाबांचा हॉर्न रुमालात बांधून घरी नेला. सहा महिन्यांनी मागचा दिवा नेला. मग कार्ब्युरेटर, मग टाकीचं झाकण, मग सीटच्या स्प्रिंगा, एकेक करून. मडगार्ड न्यायच्या दिवशी जरा पंचाईत झाली, कारण मडगार्ड रुमालात बसत नाही. थोरला गच्चीतून विचारत होता, "काय रे, काय चाललंय?" धाकट्याने सांगितलं, "रंगाला नेतो." थोरला म्हणाला, "ने."

बदली भाग मिळवणं सोपं नव्हतं. थोरल्याला संशय येता कामा नये, म्हणून ते हुबेहूब हवे होते. गावाबाहेर एक म्हातारा दुकानदार वर्षानुवर्षं दुकान मोडायला काढून बसला होता. त्याच्या माळ्यावर तेलकट कागदात गुंडाळलेले हवे ते भाग होते. म्हातारा म्हणायचा, "यापेक्षा चांगले मिळायचे नाहीत." धाकट्याला ते पटायचं. नक्कल असावी तर अशी. प्रत्येक भागाच्या आतल्या अंगाला एक बारीक त्रिकोण ठोकलेला असायचा. बाबांच्या एकाही भागावर तो नव्हता. बाबांची गाडी कंपनीतून आणली तशी, त्यामुळे त्रिकोण म्हणजे नकली मालाची खूण, हे धाकट्याने स्वतःच ताडलं आणि स्वतःच्या हुशारीवर तो बेहद्द खूश झाला. आपण दादाच्या गाडीवर एक्केचाळीस ठिकाणी पुरावा लावून ठेवलाय, हे आठवून तो कधीकधी जेवताना हसायचा.

"लोकांचे नवरे लपवून लपवून काय काय ठेवतात," त्याची बायको पलंगाखाली केरसुणी घालताना म्हणायची. "माझ्या नशिबी मडगार्ड."

"त्याची वेळ येईल."

"आधी नळाची येऊ दे."

वेळ आली ती थोरल्याच्या हौसेतून. जुन्या वाहनांच्या मालकांचं एक मंडळ होतं आणि थोरल्याला त्याचं अध्यक्ष व्हायचं होतं. त्यासाठी स्वतःची गाडी सरकारदरबारी 'संग्रहणीय वाहन' म्हणून नोंदलेली हवी होती. सांगाडा, इंजिन आणि बाकीचे भाग मूळचे असल्याचा दाखला मिळाला, तरच नोंद. एक जरी मोठा भाग नकली निघाला तर अर्ज फेटाळला, आणि तोही मंडळाच्या लोकांसमोर, कारण तपासणीला साक्षीदार म्हणून मंडळाचे पाच जण हजर राहायचे.

थोरला फॉर्म घेऊन गॅरेजमध्ये आला. बसायला स्टूल होतं, पण त्यावर ग्रीस असेल म्हणून तो उभाच राहिला.

"तुझी सही लागेल. तिसरं पान. नियम अकरा. वीस वर्षं ज्याने गाडीला हात लावला त्या कारागिराचा जबाब."

धाकट्याने पान उलटलं. खाली रकाना होता, मालकाशी नाते. त्यात थोरल्याच्या वळणदार अक्षरात आधीच लिहिलेलं होतं, 'नाही'.

"हे काय, दादा?"

"कारागीर नातेवाईक चालत नाही. नातेवाईक खोटं बोलतात म्हणे." थोरल्याने रुमालाने बोटं पुसली. कशालाच हात लावला नव्हता, तरी पुसली. "उगाच लफडं नको. नाहीतरी तू मेकॅनिक म्हणूनच येणार आहेस. सही तिथे साहेबांसमोर करायची. आणि जरा बरा शर्ट घाल."

थोरला गेल्यावर धाकट्याने घरी येऊन कागद घेतला आणि डाव्या हाताने नोंदणी कार्यालयाला एक निनावी पत्र लिहिलं. 'सदर मोटरसायकलचा प्रत्येक भाग उलटून आतली बाजू पाहावी. त्रिकोण शोधावा. एक हितचिंतक.'

"डाव्या हाताने का?" बायकोने विचारलं.

"अक्षर ओळखू येऊ नये म्हणून."

"उजव्या हाताने लिहिलेलं तरी कोणाला लागतं तुमचं?"

तपासणीच्या दिवशी कार्यालयामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मोटरसायकल उभी होती. मंडळाचे पाच जण ब्लेझर घालून आले होते. थोरल्याचा ब्लेझर त्या पाचांपेक्षा एक बटण पुढे होता. साहेब म्हणून आल्या त्या एक बाई, चष्मा दोरीला अडकवलेला, हातात टॉर्च, भिंग आणि दांडीला लावलेला छोटा आरसा. दातांचे डॉक्टर वापरतात तसा. धाकटा भिंतीशी उभा होता आणि त्याच्या पायाशी कापडी पिशवी होती. पिशवीत हॉर्न, दिवा, कार्ब्युरेटर आणि टाकीचं झाकण. अर्ज फेटाळला की एकेक बाहेर काढून मांडायचं, एवढाच त्याचा बेत होता. बोलायचं काही नव्हतं. चारचौघांत दादाचा चेहरा पडताना बघायचा होता. बावीस वर्षं तो त्याच एका चेहऱ्यासाठी जगला होता.

बाई दीड तास गाडीभोवती फिरल्या. उकिडव्या बसल्या, आडव्या झाल्या, मडगार्डखाली आरसा घातला. दर वेळी वहीत खूण करत होत्या. धाकटा खुणा मोजत होता. एक्केचाळीस झाल्या तेव्हा त्याने पिशवीची गाठ सोडली.

बाई उठल्या, गुडघे झटकले.

"पंचवीस वर्षं मी हे काम करतेय," त्या म्हणाल्या. "अशी गाडी पाहिली नाही."

धाकटा पिशवीशी वाकला.

"एकूण एक भाग कंपनीचा. सगळ्यांवर त्रिकोण आहे. ही कंपनी पहिल्या वर्षापासून आतल्या बाजूला त्रिकोण ठोकायची. नक्कल करणाऱ्यांना ते कधी कळलंच नाही, त्यांचा माल आतून गुळगुळीत." त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला. "आम्हाला एक निनावी पत्र आलं होतं, त्रिकोण शोधा म्हणून. ज्याने लिहिलं त्याचे आभार मानायला हवेत, नाहीतर तीन दिवस लागले असते. अक्षर मात्र फार वाईट."

ब्लेझरांनी टाळ्या वाजवल्या.

धाकट्याने वाकलेल्या अवस्थेतच पिशवीत हात घातला. हॉर्नच्या आतून अंगठा फिरवला. गुळगुळीत. झाकण गुळगुळीत. कार्ब्युरेटर तर लोण्यासारखा. बाबांचं 'एक नट बदललेला नाही' त्याच्या कानात वाजलं. बाबांनी कधी आणि कुणाला ते खरे भाग देऊन टाकले होते, देव जाणे. बाबांची वस्तू उलटून बघायची छाती त्या घरात कुणाचीच नव्हती. आणि आपण बावीस वर्षं, सहा-सहा महिन्यांनी, दादाची नकली गाडी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या कमाईने, अस्सल करून दिली होती.

त्याने पिशवीची गाठ पुन्हा मारली.

"काम कुणाचं आहे?" बाई विचारत होत्या. "इतकी प्रामाणिक देखभाल सख्खा माणूससुद्धा करत नाही."

"असतो आमचा एक मेकॅनिक," थोरला म्हणाला आणि बोट न वळवता नुसत्या हनुवटीने भिंतीकडे दाखवलं. "ये रे. सही कर."

धाकटा टेबलापाशी आला. बाईंनी तिसरं पान पुढे सरकवलं, पेन दिलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "मालकाशी काही नातं?"

"नातं कसलं," थोरलाच बोलला. "सहा महिन्यांनी बोलावतो, येतो."

धाकट्याने पेनाचं टोपण काढलं. पुन्हा लावलं. मग तो इतक्या मायेने बोलला की त्याच्या बायकोने ऐकलं असतं तर डॉक्टर बोलावला असता.

"असं काय करतोस, दादा? मी तुझा धाकटा भाऊ ना?"

ब्लेझर वळले.

"सख्खा," धाकट्याने बाईंना सांगितलं. "एकाच आईचा. हे थोरले, मी धाकटा. मध्ये कोणी नाही."

"हा..." थोरला हसला. "हा असाच आहे. बरेच कारागीर मला दादा म्हणतात."

"दादा, मला टायफॉइड झाला होता तेव्हा रात्रभर पंखा घालत बसला होतास ना तू?" हे खोटं होतं. पंखा आईने घातला होता. पण धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खरं होतं.

"गप्प बस," थोरला दातांतल्या दातांत म्हणाला.

"लहानपणी एका ताटात जेवलो आपण."

"गप्प बस म्हणतो ना. बाबांनी तुला कायम डोक्यावर चढवून ठेवला, त्याचे हे परिणाम."

बाईंनी दोरीचा चष्मा डोळ्यांवर चढवला.

"कोणाच्या बाबांनी?" त्यांनी विचारलं.

थोरला ब्लेझरचं बटण लावू लागला. बाई दोघांच्या नाकांकडे आळीपाळीने बघत होत्या. नाकं दोन्ही बाबांची होती, आणि तेवढी मात्र अस्सल.

"मग रकान्यात 'नाही' कोणी लिहिलं?" बाई म्हणाल्या. "हे अक्षर अर्जाच्या अक्षराशी जुळतंय."

"बाई, गाडी तर सगळी मूळची आहे," थोरला म्हणाला. "तुम्हीच म्हणालात."

"गाडी खरी आहे हो. मालक खोटं बोलतोय." त्यांनी लाल शाईचं पेन काढलं. "नियम अकरा. कारागीर नातेवाईक. वीस वर्षांत दुसऱ्या कोणी हात लावलाय गाडीला?"

"कोणी नाही," धाकटा म्हणाला. "याच्याशिवाय कोणी हात लावत नाही. दादाने लग्नात सगळ्यांना असंच सांगितलं होतं."

बाईंनी पानावर आडवी रेघ मारली. आणि तेव्हा, पाच ब्लेझरांच्या देखत, थोरल्याचा चेहरा पडला. आधी मिशा, मग गाल, मग सगळाच. धाकट्याने घाई केली नाही. पोटभर पाहिला. मग पिशवी उचलली आणि घरी गेला.

बायकोने नकली मडगार्डाची कथा ऐकली आणि पदराने डोळे पुसत हसली. मडगार्ड तिने भंगारवाल्याला दिलं. त्या आठवड्यात नळही दुरुस्त झाला.

मंडळात अध्यक्ष दुसराच झाला. अर्ज का अडला ते थोरल्याला भेटेल त्याला सांगावं लागे, आणि सांगताना दर वेळी 'माझा सख्खा भाऊ' हे शब्द तोंडातून काढावे लागत. धाकट्याच्या गॅरेजमध्ये अनोळखी लोक येऊन विचारू लागले, "तुम्ही त्यांचे बंधू का?" धाकटा हातातलं काम ठेवून म्हणायचा, "हो. सख्खा."

सहा महिन्यांनी फोन आला.

"सर्व्हिसिंगची वेळ झाली. गाडी किकला उचलत नाहीये. केव्हा येतोस?"

"कोण बोलतंय?"

पलीकडे थोरल्याने घसा खाकरला.

"मी. तुझा भाऊ."

"मग जमायचं नाही, दादा," धाकटा म्हणाला. "नातेवाइकांच्या गाडीला आम्ही हात लावत नाही. नियम अकरा."