अकरावी चिठ्ठी

शिवांजलीचा हात बरणीत कोपरापर्यंत गेला, तेव्हा राजेश्वरीला सासूचं बोलणं आठवलं.

“सोडतीला लेकरू देऊ नगंस,” द्वारकाबाई सकाळी म्हणाल्या होत्या. “मागच्या येळंला ज्या पोरानं चिठ्ठ्या काढल्या, त्याच्या बापाला वर्षभर कुणी रामराम घातला न्हाय.”

“आत्या, चिठ्ठी सरकारची. हिचा नुसता हात.”

हसून तिनं फ्रॉकला इस्त्री केली होती. चिठ्ठ्या काढायला शाळेच्या बाईंनी आपल्याच पोरीचं नाव दिलं, याचं तिला कौतुक होतं.

आता तहसीलच्या सभागृहात ती एकेक चिठ्ठी मोजत होती. बरणीत बावीस गावं होती. अकरा चिठ्ठ्या निघायच्या, त्या गावांचं सरपंचपद बायकांना. उरलेली गावं खुली. पहिल्या रांगेत तिच्या गावचे बंडप्पा कडक इस्त्रीत बसले होते. गावानं त्यांना दोन महिन्यांपूर्वीच सरपंच म्हणायला सुरुवात केली होती. राजेश्वरीचा नवरा, युवराज, त्यांच्याच दूध केंद्रावर कामाला. गावाची चिठ्ठी आत राहिली तर ठीक. बाहेर आली तर युवराजनं उद्या कोणत्या तोंडानं कामावर जायचं?

दहा झाल्या. त्यात त्यांचं गाव नव्हतं. अकराव्या वेळी पोरीनं टाचा उंचावल्या आणि तळाशी हात घातला. तहसीलदारबाईंनी चिठ्ठी उलगडून वाचली.

त्यांचंच गाव.

मागून कुणीतरी विचारलं, “कुणाचं हो हे लेकरू?”

राजेश्वरीनं पुढं होऊन पोरीला उचललं आणि मागच्या दारानं बाहेर काढलं. जिन्याखाली जुन्या कपाटांच्या आडोशाला दोघी उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं तिथंच पावलं वाजली. बंडप्पा पाठमोरे, कानाला फोन.

“ऐकलंस का? बाईला सुटलं गाव. व्हय, खरंच. सुटलो बग एकदाचं. न्हाय गं, तुला कशाला उभी करतो? रडू नगंस. दोन महिने झालं, चुलीवरनं चहाचं पातेलं उतरंना आपल्या घरी. लोकांनी चढीवलं आन मी चढलो. आज दार लावून झोपणार हाय मी.”

ते वळले. दोघींना पाहून फोन खिशात घालायलाही विसरले.

“काय ऐकलं, सूनबाई?”

“काही नाही, आप्पा.”

“मग झ्याक.” त्यांनी वाकून शिवांजलीचा इवलासा पंजा आपल्या हातात घेतला. “हात लई गुणाचा हाय गं तुजा. युवराजला म्हणावं, उद्या येळंवर ये.”

बाहेर कार्यकर्त्यांचा गलका जवळ आला. बंडप्पांनी खांदे पाडले, चेहरा सुतकी केला आणि ते सांत्वन करून घ्यायला निघून गेले. राजेश्वरीला इतकं हसू आलं, की तिला भिंतीला टेकावं लागलं.

“आई, मी चुकले का?”

“नाही गं बाळा.”

एसटीत पोर मांडीवर झोपली. खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यात राजेश्वरीनं तिचा तो हात ओढणीखाली झाकून घेतला.

पण हरल्यावर हलकं होणारा माणूस प्रत्येक गावाला मिळतोच असं नाही. तुमच्या तालुक्याची सोडत झाली असेल, तर चिठ्ठ्या काढणारं लेकरू कुणाचं होतं तेवढं विचारा. आणि ते संध्याकाळी खेळायला बाहेर येतंय का, जाता जाता बघून या.