पूर्वरंगापर्यंतचं कीर्तन

कल्लप्पाबुवांचं तळ्याचं आख्यान मी आयुष्यात वीस-बावीस वेळा ऐकलं असेल. आज त्यातली तीन पदं आठवतात, तीही मधल्या ओळी गाळून. आख्यान बुवांनी स्वतः रचलेलं. तळं खोदायला सगळं गाव लोटतं, त्यात एक म्हातारी येते, तिच्याजवळ पाटी नसते, म्हणून ती पदरात माती भरून नेते. एवढीच कथा. अर्धी मराठीत, अर्धी कानडीत. कागदावर ती कधी उतरली नाही. वहीत फक्त प्रत्येक पदाची पहिली ओळ असायची. बाकीचं विचारलं तर म्हणायचे, "उभं राह्यलं की येतंय."

ते आता कुणाकडेच नाही, आणि त्याला कारण मी आहे.

बुवा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. मूळचे अक्कलकोटकडचे. रिटायर झाल्यावर पूर्णवेळ कीर्तनाला लागले. सोलापुरात कुठंही त्यांचं कीर्तन असलं की मागं टाळ धरायला मी ठरलेला. दुकान मग शिवलीला सांभाळायची, माझी बायको. नवी पेठेत आमचं चादरींचं दुकान आहे.

आमची काव्या सात रस्त्याजवळ एका ऑफिसात कॉम्प्युटरचं काम करते. सुट्टीच्या दिवशीही ती कॉम्प्युटरपुढंच. एक गेम आहे, त्यात अख्खं राज्य आहे. डोंगर, किल्ले, बर्फ, आग ओकणारे उडते प्राणी. कुठंही चालत जावं, कुणाशीही बोलावं, कुणावरही हत्यार उचलावं. बनवणाऱ्यांनी तो बनवून सोडला, पण खेळणारेच आपल्या हातानं त्यात भर घालत राहतात. कुणी नवी वाट काढतो, कुणी घरांना दारं-खिडक्या बसवतो. त्याला मॉड म्हणतात. ज्याला हवं तो ती भर आपल्या गेममध्ये उतरवून घेतो, फुकट. काव्यानं एका कोरड्या तळ्याकाठचं ओसाड गाव असं सुधारलं होतं. तळ्यात पाणी आणलं. बायकांना पाणवठ्यावर जायला लावलं. देऊळ उघडलं.

"पण देवळातला पुजारी दिवसभर तीच दोन वाक्यं म्हणतो, अप्पा," ती एकदा जेवताना म्हणाली. "वैताग येतो."

"दोन तरी म्हणतो की," शिवलीला म्हणाली. "तुझे अप्पा दुकानात दिवसभर एकच म्हणतात. रंग जाणार नाही."

काव्या हसली नाही. तिला तिथं लांबलचक काहीतरी सांगणारा माणूस हवा होता. मी सहज म्हणालो, "मग बुवांना उभं कर की." मीच म्हणालो होतो. हे मी पुढं विसरलो.

जानेवारीतल्या एका रविवारी बुवा सकाळच्या गाडीनं आले. रेकॉर्डिंगमध्ये आवाज घुमू नये म्हणून काव्यानं दुकानातल्या वीस चादरी आणून खोलीच्या चारी भिंतींना टांगल्या होत्या. बुवा दारातच थांबले.

"हितं कीर्तन हाय का सेल?"

त्यांना गेम दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. तळं बघितलं, देऊळ बघितलं.

"हितली मानसं मधीच उठून जातेत का गं?"

"खेळणारा जाऊ शकतो, बुवा. गावातली माणसं मी बसवीन तशी बसतील."

"किती येळ?"

"तुम्ही सांगाल तितका."

"आरतीपातूर बसव," बुवा म्हणाले. "सोलापूरकरान्ला जमलं न्हाय, ह्यास्नी तरी जमंल."

त्या दिवशी पूर्वरंग झाला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कीर्तनाचे दोन भाग. पूर्वरंगात बुवा एखादं पद घेऊन त्याचा अर्थ सांगतात, उत्तररंगात आख्यान लावतात, म्हणजे कथा. दोन्हींच्या मध्ये भजन चालू असताना कुणीतरी पुढं होऊन बुवांच्या कपाळाला भस्म लावतो आणि गळ्यात हार घालतो. मगच कथा, आणि शेवटी आरती; ती होईपर्यंत उठायचं नसतं. बुवा या बाबतीत कडक होते. चाळीस मिनिटांचा पूर्वरंग आणि मधलं भजन झाल्यावर काव्या म्हणाली, लगेच पुढचं घेऊ. बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या.

"हार कुटं हाय?"

घरात हार नव्हता. मी फुलबाजारात जायला निघालो, तर बुवा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सोमण्णा, घसा बी बसलाय. फुडच्या बारीला हार आनून ठेवा, मंग आख्यान." आणि जाता जाता, "तुमचा टाळ माज्याफुडं पळतोय. त्याला बी काय तरी समजवा."

काव्याला ही हाराची गोष्ट फार आवडली. तिनं गेममध्ये तसंच केलं. खेळणाऱ्यानं तळ्याकाठची फुलं तोडून आणायची, पूर्वरंग संपला की बुवांना हार घालायचा, मगच आख्यान सुरू व्हायचं. आख्यान अजून व्हायचं होतं, तरी तिनं होतं तेवढं लोकांसाठी नेटवर टाकलं. उत्तररंग मागून येईल असं लिहिलं.

मार्चमध्ये एका रविवारी सकाळी मी चहा घेऊन तिच्या खोलीत गेलो. पडद्यावर तेच देऊळ होतं. बुवा उभे होते, धोतर, उपरणं, हातात चिपळ्या. आवाज बुवांचा, मागं माझा टाळ. कपासकट माझे हात आपोआप जोडले गेले. तेवढ्यात लोखंडी टोप घातलेला एक माणूस चालत पुढं आला आणि त्यानं बुवांवर कुऱ्हाड घातली. बुवा पडले. पद अर्ध्यात तुटलं.

चहा माझ्या पायावर सांडला, ते मला नंतर कळलं.

"हे काय आहे?"

"अप्पा, कुणीतरी दुसरा खेळतोय, त्याचा व्हिडिओ आहे. लोक असं करून बघतात. सगळ्यांनाच मारून बघतात."

"बुवांना?"

"मी दुरुस्त करतेय तेच. चार ओळींचं काम आहे. पडले तरी उठतील आणि पुन्हा सुरू करतील."

तिनं शांतपणे सांगितलं. माझ्या डोक्यात मात्र काही शिरत नव्हतं. कीर्तनाला उभा राहिलेल्या माणसाच्या आमच्याकडं थोरलेसुद्धा पाया पडतात. तिथं उभा असेपर्यंत तो कल्लप्पा फिटर नसतो. त्याच्यावर कुऱ्हाड, आणि माझ्या घरातून, माझ्या लेकीच्या हातून.

"काढून टाक," मी म्हणालो.

"अप्पा, ऐका तरी."

"सगळं काढ. तुझ्याकडंसुद्धा राहता कामा नये. आवाजसुद्धा."

"आवाज कशाला? आवाज ठेवते. उत्तररंग घ्यायचाय अजून."

मी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. शपथ घातली. आमच्या घरात आजवर कुणी कुणाला ती घातली नव्हती. काव्यानं माझ्या मुठीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि खुर्ची वळवून एकेक गोष्ट पुसत गेली. मी उभा राहून बघितलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. नंतर शिवलीलेनं भिंतीवरच्या चादरी काढून घड्या घातल्या. त्या तोवर तशाच टांगलेल्या होत्या, उत्तररंगासाठी.

काव्यानं पुन्हा गेम उघडला नाही. रविवारी ती कपडे धुऊ लागली, दुकानात येऊन बसू लागली. लोक म्हणायचे, पोरगी वळणावर आली. मलाही तेव्हा तसंच वाटलं.

बुवांचे फोन यायचे.

"सोमण्णा, हार आनला का?"

"पोरीला ऑफिसचं काम लई हाय, बुवा. जरा दम धरा."

असं तीनदा झालं. खरं सांगायला जीभ वळली नाही. त्यांना वाईट वाटू नये म्हणून सांगत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. निदान साध्या मोबाइलवर आख्यान घेऊन ठेवावं, हेही सुचलं नाही. कीर्तन काय, पुढच्या महिन्यात पुन्हा ऐकूच, असंच वाटायचं.

जुलैत बुवांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी कुर्डुवाडीला गेलो तेव्हा चंद्रव्वा, त्यांची बायको, त्यांना चमच्यानं पेज भरवत होती. मला बघून बुवांचा डावा हात हलला. शब्द फुटत होते, पण एकेक, वाकडे.

"त्या... गावात," ते म्हणाले. "चालू... हाय?"

मला लगेच कळलं, कुठल्या गावात ते.

"चालू आहे की, बुवा. रोज माणसं येतात. बसतात."

बुवा माझ्याकडं बघत राहिले. मग मान हलवली. चंद्रव्वा पेजेची वाटी घेऊन आत गेली, ती मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

नोव्हेंबरात बुवा गेले.

दिवसकार्य झाल्यावर मी निघालो, तेव्हा चंद्रव्वा दारापर्यंत आली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"तुमची पोरगी आल्ती की चैत्रात," ती म्हणाली. "रडत आल्ती. सगळं सांगितलं तिनं, कुऱ्हाडीचं बी. मोबाइलात दावलं."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"लई हसले त्ये. म्हनले, जत्रंत मला चप्पल बसल्याली हाय, ही तर खोटी कुऱ्हाड. आन म्हनले, बघ, मी पडलो तरी मानसं उठली न्हाईत. टाळ धरून बसल्याली हायती."

"मला बोलले नाहीत कधी."

"पोरीला म्हनले, बापासंगं भांडू नगं. त्यो आपून हून सांगंल मला. मंग आपन हार आनू." तिनं पदर सारखा केला. "लई येळा इचारलं की तुमाला. फोनवर. हितं बी."

गाडीत मी तो व्हिडिओ आठवत होतो. कुऱ्हाड आठवत होती, बुवांचं पडणं आठवत होतं. मागं बसलेली माणसं मला आठवेनात. मी त्यांच्याकडं बघितलंच नव्हतं.

या जानेवारीत काव्या दुकानात आली आणि गल्ल्यापाशी उभी राहिली. हातात मोबाइल.

"एक मेल आलाय, अप्पा. परदेशातली एक नर्स आहे. तिच्याकडं ते गाव अजून आहे, तिनं आधीच उतरवून घेतलं होतं. ड्युटीला जायच्या आधी ती रोज तिथं जाऊन बसते. भाषा कळत नाही म्हणते. ती विचारतेय, फुलं आणल्यावर पुढं काय होतं?"

"तू काय कळवलंस?"

"अजून काही नाही. तिनं फाइल पाठवलीय, माझ्याकडची हरवली असेल म्हणून." काव्यानं मोबाइल गल्ल्यावर पालथा ठेवला. "मी उघडली नाही. तुमची शपथ आहे."

मी गळ्यातलं लिंग बाहेर काढलं, कपाळाला लावलं आणि म्हणालो, "सुटली शपथ. माझीच चूक होती, पोरी." हे सगळं गिऱ्हाइकासमोर झालं. गिऱ्हाइकानं चादर खाली ठेवली आणि ते उगीच दुसरी बघू लागलं.

रविवारी सकाळी अंघोळ-पूजा करून मी तिच्या खुर्चीत बसलो. काव्या शेजारी. कुठली बोटं कुठं ठेवायची ते तिनं दाखवलं. मी आधी भिंतीला धडकलो, मग तळ्यात पडलो. ती म्हणाली, "पोहता येतं तुम्हाला, घाबरू नका." फुलं तोडायला मला बराच वेळ लागला. मग देऊळ.

बुवा उभे होते. मी खाली बसायचं बटण विचारलं, बसलो. चाळीस मिनिटं ऐकलं. मधेच बुवा खोकतात, एकदा रिक्षाचा हॉर्न येतो चादरींमधून, आणि माझा टाळ खरंच पुढं पळतो. सगळीकडं पळतो. काव्या एकदाही माझ्याकडं वळली नाही. भजन सुरू झालं तशी ती म्हणाली, "आता उठा. हार घाला."

मी उठलो, पुढं गेलो, तिनं सांगितलेलं बटण दाबलं. बुवांनी हार घालून घ्यायला मान खाली वाकवली. हार गळ्यात पडला. भजन थांबलं.

बुवा तसेच वाकून उभे राहिले.

"यापुढं मी काही केलं नव्हतं," काव्या हळू म्हणाली. "आवाज आल्यावर करणार होते."

मागं माणसं बसली होती. आता मी मुद्दाम वळून बघितलं. बायका, म्हातारे, टाळ धरून, सगळे बुवांकडं बघत.

शिवलीला जेवायला बोलवायला आली आणि दारात थांबली. पदराला हात पुसत तिनं पडद्याकडं बघितलं.

"बुवा असे वाकून का उभे आहेत?"

"हार घातलाय," मी म्हणालो.

"मग पुढं?"

काव्यानं बंद करायला हात पुढं केला. मी तिचा हात धरला.

"आरती झाली नाही अजून," मी म्हणालो.

तिनं हात मागं घेतला. शिवलीला आत आली आणि माझ्या खुर्चीशेजारी खाली, जमिनीवर बसली.