चौथा पाटा

"बुडबुडा कुठंय?" महेंद्रने दाराजवळच्या खुर्चीतूनच विचारलं.

"तुमच्याकडं सरकलाय. थोडासाच."

"थोडासा म्हणजे किती? रेषेला टेकलाय का बाहेर गेलाय?"

माया गुडघ्यांवर बसून पातळी बघायच्या लेव्हलच्या काचेत बघत होती. "अर्धा बाहेर."

"मग मशीनचा खिडकीकडचा पाय अर्धा आटा वर घे. अर्धाच हां."

कात्रपच्या या तळमजल्यावरच्या खोलीत फरशीला मोरीकडे उतार होता. त्या उतारावर स्क्रीन प्रिंटिंगची हातमशीन उभी करायची होती. वर फ्रेम धरणारे चार हात, खाली टी-शर्ट चढवायचे चार पाटे. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये गोपसेठच्या कारखान्यात महेंद्र तेवीस वर्षं याच मशीनवर उभा होता. मागच्या वर्षी लकव्यात त्याची उजवी बाजू गेली. पाय बराचसा परत आला, हात आला नाही. सेठने कॉम्प्युटरवाली मशीन घेतली तेव्हा फोन केला, "महेंद्रभाई, ये तेरी चीज है, तूच घेऊन जा."

त्याची बायको माया विठ्ठलवाडीच्या एका शिलाई कारखान्यात धागे कापायची. तिने दोन दिवस सुट्टी टाकली होती. ज्येष्ठ नागरिक संघाच्या विष्णुपंतांनी चाळीस टी-शर्ट सांगितले होते. पिवळा सूर्य आणि त्याला लागून निळी अक्षरं. कार्यक्रम रविवारी, आज शुक्रवार. "महेंद्र, तुझ्याच हातचं काम पाहिजे," असं म्हणून विष्णुपंतांची नजर त्याच्या हाताकडे गेली होती, आणि मग त्यांनी घाईघाईने चहा मागितला होता.

दुपारपर्यंत मशीनचा सांगाडा समपातळीत आला. मग एकेक पाटा. फ्रेम खाली आणायची, फ्रेम आणि पाटा यांच्यामध्ये चारही कोपऱ्यांत रुपयाचं नाणं सरकवून बघायचं. सगळीकडे सारखंच अडकत सरकलं पाहिजे. पहिला जमला, दुसरा जमला. तिसऱ्याला थोडा वेळ लागला. चौथ्याच्या पुढच्या कोपऱ्यात मात्र नाणं सरळ खाली पडलं.

"पुठ्ठ्याचं पॅकिंग दे आतल्या बोल्टखाली."

तिने दिलं. आता पुढचा कोपरा बसला, तर डावा उचलला गेला.

"अजून एक दे."

"दिलं. आता उजवा गेला."

"फरशीच बेकार आहे ही!" महेंद्रचा आवाज चढला. "परत पहिल्यापासनं धर. चारी पाय सैल कर."

माया उठली नाही. पाय सैल केले असते तर सकाळपासूनची सगळी मेहनत गेली असती, आणि दोष फरशीचा नव्हताच. काल टेम्पोतून मशीन उतरवताना हमाल तिघंच होते. चौथा कोपरा महेंद्रने डाव्या हाताने धरला. ती नको म्हणाली, हमालही नको म्हणाले. पायरीवर त्याची पकड सुटली, आणि मशीन त्या बाजूने दगडावर आदळली. त्यावर कुणी काही बोललं नव्हतं. जेवतानासुद्धा नाही.

तिने पाना उचलला आणि पहिल्या पायाच्या नटाला लावला. पण तिच्याने फिरवेना.

"थांब," महेंद्र म्हणाला. तो खुर्चीतून उठला, मशीनला धरत धरत चौथ्या पाट्यापाशी आला. पाट्याखालच्या लोखंडी पट्टीवरून त्याने डाव्या हाताची बोटं हळूहळू फिरवली. मध्यावर बोटं थांबली.

"पिळलाय. काल माझ्या हातनं सुटलं ना, तेव्हा."

"हो."

"तुला ठाऊक होतं?"

"सकाळीच दिसलं."

"मग बोलली का नाहीस? दिवसभर नट फिरवत बसलीस ती?"

पदराने तिने गळ्याचा घाम पुसला.

"काढून टाक तो," तो म्हणाला. "तिनावर होतंय काम."

बोल्ट घट्ट होता. तिने दोन्ही हातांनी पाना ओढला, आणि पाटा अंगावर येऊ नये म्हणून महेंद्रने तो खालून तोलून धरला. दोघांनी मिळून तो भिंतीला टेकवला.

चाचणीसाठी एका जुन्या टी-शर्टाची पाठ पाट्यावर चढवली. फ्रेममध्ये पिवळी शाई घातली, आणि मायाने शाई ओढायची रबरी पट्टी धरली.

"दाबू नकोस, नुसतं ओढ. खांद्यातनं. मनगट मोडू नको."

तिने ओढलं. फ्रेम उचलून वरचं चाक फिरवलं, निळी फ्रेम खाली आणली आणि पुन्हा ओढलं. मग फ्रेम वर उचलली.

महेंद्रने कापड सोडवून दारातल्या उजेडात नेलं. छातीशी धरून तो एकेका अक्षराची कड बघत राहिला. सूर्य कुठून सुरू होतो, निळा कुठे संपतो, दोन रंगांमध्ये पांढरी रेघ राहिली का. माया शाईचे हात अंगापासून लांब धरून उभी होती.

त्याने कापडाची घडी करून खांद्यावर टाकली.

"पुढचा चढव," तो म्हणाला.