बोतानच्या भावाला घरी आणलं तो दिवस

१९६६ साल होतं. ऑक्टोबरातल्या एका सकाळी, डोंगरातल्या तिएनशियांग गावाच्याही वर, जिथं दरड कोसळली होती तिथं उभी राहून बोतान आपल्या मेलेल्या भावाला ओरडत होती.

"दादा, चल आता! आई वाट बघतेय. जिवंतपणी कधी वेळेवर घरी आला नाहीस, आज तरी ये!"

तिचा भाऊ जिन-थिक रस्त्यावरची दरड उपसणाऱ्या टोळीत होता. जुलैच्या वादळात एक दरड उपसताना दुसरी अंगावर आली. देह सापडला, खाली हुआलियेन शहरात दहनही झालं. पण आमच्याकडे असा गेलेला माणूस पडल्या जागीच घुटमळत राहतो. त्याला हाका मारत घरी आणावं लागतं, आणि वाटेतला प्रत्येक पूल, प्रत्येक बोगदा त्याला सांगावा लागतो. एक जरी सांगायचा राहिला, तरी तो तिथंच अडकतो.

बसवाल्यानं हात जोडले होते. "बाई, तुमच्या भावाला घेतलं तर बाकीचे उतरून जातील." म्हणून सायकली. बोतान आणि मी संगमरवर घासायच्या कारखान्यात शेजारीशेजारी उभ्या राहायचो, दोघी बावीस वर्षांच्या. आदल्या दिवशी ओळखीच्या ट्रकवर सायकली टाकून आम्ही वर आलो होतो. तिथून घर साठेक किलोमीटर.

बोतान पुढं निघाली. तिच्या कॅरियरला बांबूची फांदी बांधलेली, फांदीला त्याच्यासाठी पांढरं कापड. मी मागं.

"दादा, पूल आला, ओलांड!"

"दादा, बोगदा! डोकं सांभाळ, नेहमी आपटतोस!"

मला हसू आवरेना. ती वळून म्हणाली, "हस हस. तो ऐकतोय. तुझे दात पुढं आहेत म्हणायचा."

"आणि तुझं तोंड बंद होत नाही म्हणायचा."

उतारावर ब्रेकचे रबर जळाल्याचा वास यायचा. मग थांबायचं, चाकांवर पाणी ओतायचं. मध्येच चढ लागला की सायकली ढकलायच्या. दुपारी नदीकाठी भाताचे गोळे खाल्ले; बोताननं तिसरा एका दगडावर ठेवला. तोवर तिचा आवाज पार बसला होता.

"ग्योक," ती कुजबुजली, "आता तू मार हाका. तुला ओळखतो तो."

"मी त्याला दादा म्हणू?"

"मग काय साहेब म्हणणार?"

पुढचे पूल मी सांगितले, बोगदेही. पहिल्यांदा लाज वाटली, मग सवय झाली. त्या घळीत तीनलाच उन्हं जातात. कडे दोन्ही बाजूंनी इतके जवळ येतात की आकाशाची नुसती पट्टी उरते. शेवटच्या लांब बोगद्यात आम्ही शिरलो तेव्हा आत काहीच दिसत नव्हतं, वरून पाणी ठिबकत होतं. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मागून ट्रकचा आवाज आला. त्याचे दिवे बंद होते.

"बोतान!" मी किंचाळले. "बोतान, कडेला हो! बोतान!"

ट्रक घासून गेला. पलीकडे उजेडात आलो तेव्हा तिचा एक कोपर सोलवटला होता, फांदी मोडून लोंबत होती. तिनं पांढरं कापड नीट केलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "हाक मारलीस ना त्याला?"

हाक राहिली होती; परत फिरून आत जायचं, एवढंच होतं. मी बोगद्याच्या काळ्या तोंडाकडे पाहिलं.

"मारली," मी म्हणाले.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. बोतानची आई – मी तिला मावशी म्हणायचे – दारातच होती. देवापुढचे दोन लाकडी तुकडे हातात घेऊन तिनं विचारलं, "जिन-थिक, आलास ना रे?" आणि ते जमिनीवर टाकले. एक पालथा आणि एक उताणा पडला तर 'हो'. दोन्ही पालथे पडले. पुन्हा टाकले. पुन्हा पालथे.

"रुसलाय," मावशी म्हणाली. "उशीर झाला ना."

तिसऱ्यांदा 'हो' आलं. मावशी रडली, मग तिनं आम्हाला जेवायला वाढलं.

मावशी एकोणऐंशी साली गेली. पोरगा घरी आहे म्हणून तिला शेवटपर्यंत समाधान होतं. घराला दुसरा मुलगा नव्हता म्हणून बोताननं नवरा घरजावई म्हणून आणला. माणूस चांगला होता, तिच्याआधी गेला. तो ट्रकवाला कोण, ते कधीच कळलं नाही. पुढं एका भूकंपात त्या बोगद्याचं तोंड बुजलं. आता शेजारून नवा, रुंद बोगदा आहे, दिव्यांचा.

बोतान गेल्या हिवाळ्यात गेली. त्याच्या महिनाभर आधी, इस्पितळात मी तिला संत्रं सोलून देत असताना ती म्हणाली, "त्या बोगद्यात तू माझंच नाव घेतलंस."

माझा हात थांबला. "तुला ऐकू आलं होतं?"

"आवाज बसला होता, कान नाही."

"मग बोलली का नाहीस गं?"

"मलाही परत आत जायचं नव्हतं," ती म्हणाली आणि संत्र्यासाठी हात पुढं केला.

तिची मुलगी मला सणावाराला बोलावते. भिंतीजवळ पूर्वजांच्या पाट्यांवर बोतान आणि जिन-थिक, दोघांचीही नावं आहेत. मी दोन उदबत्त्या लावते. बोतानपाशी उभी राहून गुडघ्यांचं, सुनांचं, काय काय बोलते. त्याच्याशी काय बोलावं ते मला अजून कळत नाही.