एकाची रांग

तिने फळ्यावर आठ चौकटी आखल्या आणि मार्करचं टोपण दातांत धरून दोन पावलं मागे सरकली.

सकाळी आठ वाजले की तिच्या कंपनीकडून म्हाताऱ्या माणसांना फोनवर गोळ्यांची आठवण करून देणारे हजारो निरोप एकाच रांगेत उभे राहत. दारातच चेंगराचेंगरी. कुणाकुणाला आठवण पोहोचेपर्यंत जेवणाची वेळ होई. म्हणून आता रांगेचे आठ भाग करायचे होते, डेटाबेसचेही आठ. एक तुंबला, तरी बाकीचे सात वाहते राहतील.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सगळे मास्तर म्हणत, कारण न विचारता शिकवायची त्याला खोड होती. तो स्क्रीनकडे बघत हसला.

"अगं, ही कोपऱ्यातली वेगळी रांग कुणाची? आत एकच माणूस! कोण हे सरकार?"

"बाबा."

मास्तरने जीभ चावली. बाबांना जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

कंपनी नवी असताना एकदा बाबांची हृदयाची गोळी निरोप उशिरा आल्यामुळे राहिली होती. त्याच दिवशी तिने गुपचूप त्यांना स्वतंत्र रांग करून दिली. तीनदा विचारूनही उत्तर आलं नाही, तर निरोप तिच्या फोनवर येईल, अशी सोयही केली. बाबा गेल्यावर ती तिकडे फिरकलीच नव्हती, ती सोयही विसरून गेली होती.

"राहू दे हवं तर," मास्तर हळू आवाजात म्हणाला. "मी बघतो काहीतरी."

"नको. एकासाठी रांग नाही, हा नियम मीच लिहिलाय."

बंद करण्याआधी रांग रिकामी करावी लागते. अनुत्तरित निरोपांचा ढीग दिसणार म्हणून तिने मन घट्ट केलं आणि रांग उघडली.

रांग रिकामी होती. प्रत्येक निरोपाला उत्तर आलं होतं. आज सकाळीसुद्धा. 'घेतली.'

ती जिन्यात गेली आणि आईला फोन लावला.

"आई, बाबांच्या फोनवरून उत्तर कोण देतं?"

पलीकडे नळ बंद झाल्याचा आवाज आला.

"मीच. उत्तर नाही गेलं तर तुला निरोप येतो ना? तूच करून ठेवलंयस. भर कामात ह्यांचं नाव समोर आलं असतं, तर काय झालं असतं तुझं?"

ती जिन्याच्या पायरीवर बसली.

"आणि खोटं नाही हं लिहीत. ह्यांचा फोन वाजला की मी माझी रक्तदाबाची घेते. मग लिहिते."

"मला सांगायचं नाही का, आई?"

"त्यात काय सांगायचं, वेडाबाई!"

"बरं ऐक. उद्यापासून निरोप तुझ्या फोनवर येईल. तुझ्या नावाने."

"माझ्या? बरं."

संध्याकाळी तिने आईचं नाव पाचव्या भागात घातलं, हजारो लोकांमध्ये. उत्तर आलं नाही तर स्वतःला कळवण्याची सोय तेवढी कायम ठेवली. मग कोपऱ्यातली रांग बंद केली. मास्तरने तिच्यासमोर चहाचा कप ठेवला आणि पहिल्यांदाच काही शिकवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठही रांगा झरझर वाहिल्या. एकाही निरोपाला उशीर झाला नाही. ऑफिसातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, मास्तरने तर शिट्टीही मारली. त्या गडबडीत तिचा फोन थरथरला. स्क्रीनवर आईचं नाव होतं: तीनदा विचारलं, उत्तर नाही.

तिने लगेच फोन लावला. आईचा फोन नुसता वाजत राहिला. मग तिने दुसरा नंबर लावला, जो तिने इतक्या महिन्यांत एकदाही लावला नव्हता.

पहिल्याच घंटेला तो उचलला गेला.

"आई! गोळी घेतलीस का? तुझा फोन कुठाय?"

"आतल्या खोलीत असेल. सांगितलं होतंस तू, माझ्या लक्षात होतं गं." आईचा आवाज अगदी जवळून आला. "तरी म्हटलं, बसू जरा ह्यांच्या फोनपाशी. बघू वाजतोय का."