लाल दिव्यासमोर साळूबाई

मी शीतल मॅडमचा रेकॉर्डर बोलतोय. हसू नका. उभा जन्म दुसऱ्यांचं ऐकण्यात गेला, एकदा तरी आपलं सांगावंसं वाटणारच ना?

माझी पहिली आठवण जुन्या जालन्यातल्या राधेश्यामच्या दुकानातली. मी मुठीत मावेल एवढा, काळा, कपाळावर लाल दिवा. शीतल मॅडम तेव्हा अंबडच्या कॉलेजात तासिकेवर शिकवत होत्या आणि विद्यापीठात पीएचडी करत होत्या. राधेश्याम म्हणाला, "ताई, हे मोबाइलात बी होतंय की. कशाला खर्चा करून राह्यल्या?" "मोबाइल मधेच वाजतो," त्या म्हणाल्या आणि मला पर्समध्ये टाकलं. तेव्हापासून मी मोबाइलकडे जरा तोऱ्यानंच बघत आलो.

मॅडमचं संशोधन होतं बियाण्याच्या प्लॉटवर काम करणाऱ्या बायांवर. जाळीखाली लावलेल्या मिरचीत एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडाच्या फुलाला हातानं लावायचा, याला तिकडे क्रॉसिंग म्हणतात. आम्ही एसटीनं भोकरदनला उतरायचो, तिथून रिक्षानं पिंपळगाव रेणुकाई. साळूबाईंचा प्लॉट गावाबाहेर होता. तिथं जाळीच्या सावलीत उलट्या टोपलीवर मला बसवायचे. काय ते दिवस होते! मिरचीच्या पानांचा वास, बायांच्या बांगड्या, आणि सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे.

पण अडचण अशी की माझा दिवा लागला की बाया बदलायच्या. डोक्यावरचा पदर नीट व्हायचा, पाठ ताठ व्हायची. एरवी सगळ्यांत बोलक्या साळूबाई ग्रामसभेत उभ्या राहिल्यासारख्या सुरू करायच्या, "माझं नाव साळूबाई मच्छिंद्र. मुक्काम पोस्ट पिंपळगाव रेणुकाई. आम्ही शेती करतो." पुढे विचारलं की "बराबर", "बिलकुल". संपलं.

मग चहा यायचा. पाहुण्या माणसाच्या रीतीनं मॅडम मला बंद करायच्या, आणि तिथून खरी गंमत सुरू व्हायची. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या दाढदुखीचं, कुठल्या मुकादमाला कसं गप्प केलं त्याचं. मी ऐकत सगळंच होतो, पण दिवा विझलेला असला की मला काही जपून ठेवता येत नाही. अशी किती बोलणी माझ्यासमोरून चहाबरोबर गेली, अजून जीव हळहळतो.

मॅडमचे मार्गदर्शक जगन्नाथ सर. त्यांनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढून म्हणाले, "शीतल, ह्या बाया आहेत का सरकारी पत्रक? यात माणूस कुठंय?" मॅडमचा चेहरा एवढासा झाला. प्रबंधाचा मुख्य अध्याय त्या बोलण्यावरच उभा राहायचा होता.

आणि एकदा चहाच्या वेळी त्यांचं बोट माझ्या बटणावर नीट दाबलं गेलं नाही. वर त्यांचा रुमाल पडला. माझा दिवा रुमालाखाली जळत राहिला.

साळूबाई त्या दिवशी थोरल्या लेकीविषयी, मोनालीविषयी बोलल्या. ती पलीकडच्या सरीत काम करत होती. "सातवीत पहिली आल्ती ती. मास्तर घरी आल्ते, पोरीला शिकवा म्हणून. म्या सांगितलं, तिलाच शाळा नको वाटती. तिला इचारलंबी न्हाई. तिचा हात हलका, कळी दुखत न्हाई तिच्या हातानं. मला प्लॉटवर तो हात पाह्यजे व्हता. आता ती फुलाला हात लावती तव्हा मला तिकडं बघवत न्हाई, बाई."

घरी मॅडमनी ते ऐकलं आणि डोळे पुसले. सर तर खूशच झाले. "हेच पाहिजे होतं. नाव बदलून टाक, कोण ओळखतंय?" पण मॅडम म्हणाल्या, "त्यांना माहीतच नव्हतं सर, हे चालू आहे ते." आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा एसटीत.

साळूबाईंनी मला कानाशी धरलं. आपला आवाज ऐकून आधी हसल्या. मग हसू गेलं. "पुसून टाक. मोनालीच्या कानी गेलं तर काय वाटंल तिला? माझ्यासमोर पूस."

मॅडमनी पुसलं, कुणाला सांगणार नाही असा शब्दही दिला. अख्खा अध्याय गेला, प्रबंध लांबला, सर बरेच दिवस फुगून बसले. पण त्या दिवशी मला माझ्या मॅडमचा अभिमान वाटला, हे उघडच सांगतो.

पुढे त्या कॉलेजात कायम झाल्या आणि मी टेबलाच्या खणात गेलो. आताच्या मुलांचे मोबाइल ऐकतात काय, ऐकलेलं आपोआप लिहूनही काढतात. मॅडम मला वर्गात नेतात ते पोरांना दाखवायला. पोरं मला कौतुकानं हातात घेतात आणि परत देतात. जुन्या माणसाचं असंच होतं.

गेल्या महिन्यात मोनाली आली. तिची मुलगी याच कॉलेजात शिकते. साळूबाई दिवाळीच्या आधी गेल्या. "आईचा फोटू हाय घरी, पर आवाज कुठंच न्हाई," ती म्हणाली. "तुमच्याकडं असंल म्हनली पोरगी."

मॅडमनी माझ्यात नवे सेल घातले. "माझं नाव साळूबाई मच्छिंद्र..." मोनालीनं ओठ घट्ट मिटले. मॅडमचा जुना आवाज विचारत होता, "मुलं किती?" "तीन. थोरली मोनाली. ती क्रॉसिंग करती." पुढे पाण्याविषयीचा प्रश्न.

"माझ्याबद्दल एवढंच बोलली?"

मॅडमनी मला बंद केलं. साळूबाईंना दिलेला शब्द त्यांनी इतकी वर्षं पाळला होता. मग त्या हळू म्हणाल्या, "नाही. आणखी बोलल्या होत्या. तुला वाईट वाटेल म्हणून त्यांनी पुसायला लावलं." आणि त्यांनी सांगितलं, साळूबाईंच्याच शब्दांत, जमेल तसं.

मोनाली रडली नाही. "मला वाटायचं, मी ढ व्हते," ती म्हणाली. "आई समद्यांला तसंच सांगायची, हिला शाळा नको वाटती. मंग मला बी तेच खरं वाटाया लागलं." मग म्हणाली, "ते परत लावा, मॅडम. थोरली म्हनती ते."

परत लावलं. "तीन. थोरली..." आणि तिथं साळूबाई थांबतात. एक श्वास घेतात, मग नाव घेतात. तो श्वास इतकी वर्षं माझ्याजवळ होता आणि मी त्याला नुसती मोकळी जागा समजत होतो. मोनालीनं तो तिथल्या तिथं ओळखला.

मॅडमनी मला तिलाच देऊन टाकलं. आता मी पिंपळगावात असतो, देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर. खणापेक्षा इथं फार बरं आहे.

चला, येतो मी. मोनाली प्लॉटवरून आली, हातपाय धुतेय. आता मी गप्प बसलेलं बरं. तिला तिच्या आईचं ऐकायचंय.