लाल त्रिकोणाखालची शाळा

१९७१ च्या मार्चमध्ये आरोग्य खात्याच्या रंगाऱ्याने बेलापूर रस्त्यावरच्या सगळ्या भिंती सोडून आमची निवडली, याचे मला नवल वाटले नाही. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर ती मी स्वतः उभे राहून, ओळंबा लावून बांधून घेतली होती. रंगाऱ्याने तिच्यावर लाल त्रिकोण काढला, शेजारी चार हसरे चेहरे काढले आणि खाली हातभर उंच अक्षरांत एक ओळ लिहिली. चेहरे फसले होते. चौघांनाही दाढदुखी असावी असे वाटे. अक्षरे मात्र निर्दोष होती. शिरोरेषा पाणसळीत, काने ओळंब्यात. तंत्रनिकेतनात आम्हाला अशा अक्षरांना गुण मिळत.

त्याच आठवड्यात माझी थोरली बहीण राहीअक्का राहात्याहून आली. तिथे तिचे तुपाचे दुकान आहे. तुपाविषयी, आणि ते आतल्या ज्या डब्यांतून येते त्यांविषयी, भाऊ या नात्याने मी काही बोलत नाही. तिला मूलबाळ नाही. इकडे माझा मुलगा कृपादान आणि सून मेरी यांना पाच मुले होती आणि सहावे वाटेवर होते. अक्काने पाचवी, म्हणजे साडेचार वर्षांची दया, मागितली.

“बारकी हाय, लवकर लळा लागंल,” अक्का म्हणाली. “आन तुमचं बी एक ताट कमी.”

कृपादानने जमिनीकडे पाहिले. मेरीने चुलीकडे पाहिले. दया माझ्या खाटेखाली जाऊन बसली आणि जेवायलाही बाहेर आली नाही.

“तिचे शिक्षण चालू आहे,” मी म्हणालो. “अर्धवट सोडता येणार नाही.”

शिक्षण चालू नव्हते. ते दुसऱ्या दिवशी सकाळी चालू केले.

“आसं?” अक्का म्हणाली. “मग ईस्टरला येते. वाचाया लागली आसंल तर ऱ्हाऊ दे. न्हाई तर माझ्यासंगं धाड. आन याकोबा, पाठ करून घिऊ नगंस. मला वाचता येत न्हाई, पन पाठ केल्यालं वळखू येतं. जल्मभर आपल्या ख्रिस्तमंदिरात तेच ऐकतीया.”

अट रास्त होती. कृपादान स्वतः प्राथमिक शिक्षक. तो म्हणाला, “बाबा, ‘ग म भ न’पासून सुरू करा.”

“म्हणूनच तुझ्या शाळेत चौथीतली मुले अडखळतात,” मी म्हणालो.

माझी पद्धत वेगळी होती. भिंतीवरच्या त्या एका ओळीत नेहमी लागणारी बरीच व्यंजने आणि स्वरांची बहुतेक चिन्हे आयती मिळत होती, तीही सरकारी खर्चाने. पत्र्याची एक चौकट कापून मी तिला दांडी बसवली. चौकट भिंतीला टेकवली की तिच्यातून एकच अक्षर दिसे. ओळ सुरुवातीकडून शेवटाकडे जाते, म्हणून मूल ती पाठ करते. यास्तव मी शेवटून सुरुवात केली, पुढे मधूनच कुठेही. काना वेगळा, मात्रा वेगळी, मग जोडणी.

दया खाटेखालून बाहेर आली ती या चौकटीच्या लोभाने. सकाळी आंघोळीआधी ती दांडी धरून भिंतीशी उभी असे. मेरी पाण्याला जाताना मात्र पदर पुढे ओढून दुसऱ्या बाजूने जाई. रंगाचा वास सहन होत नसावा, असे मी धरून चाललो.

ईस्टरला मंदिरातून परतल्यावर अक्का पिशवीसकट थेट भिंतीपुढे उभी राहिली. मागे आम्ही सगळे. मी चौकट बाजूला ठेवली.

“वाच गं,” अक्का म्हणाली. “काय लिवलंय?”

दयाने बोट उचलले. “दोन... किंवा... तीन... मुले... पुरेत.”

महिनाभर ती ओळ मी अक्षर अक्षर तपासली होती; वाक्य म्हणून माझ्याही कानांवर ती प्रथमच पडली. मेरीचा पदर पुन्हा पुढे आला.

दया बोटे मोजत होती. “आई, मी कितवी?”

“पाचवी, बाळा.”

“म्हणून आजी मला नेते?”

कृपादान लाल त्रिकोणाचे निरीक्षण करू लागला. दयाने ओळ पुन्हा, या वेळी मनात वाचली.

“पण कुठले तीन ते लिहिलंच नाही,” ती म्हणाली. “आमोसदादाला न्या. तो सहा भाकरी खातो.”

“ए दये,” तिचा थोरला भाऊ मागून म्हणाला, “पाचच खातो.”

अक्का पायरीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. “याकोबा, पोरगी तुझ्यावर गेली. पन आता तर हिलाच न्हेते.”

अट अट असते, असे म्हणायला मी तोंड उघडले, पण दया आधी बोलली.

“राहीआजी, तुमच्या दुकानावर पण लिहिलंय?”

“लिवलंय की. ‘शुद्ध तूप’.”

“मग ते मी सगळ्यांना वाचून दाखवीन. आणि आतल्या डब्यांवर काय लिहिलंय, ते पण.”

अक्काचे हसू थांबले. तिने डोळे पुसले, पिशवी उचलली आणि भिंतीकडे एकदा संशयाने पाहिले.

“ऱ्हाऊ दे बाई हितंच,” ती म्हणाली. “लेकराला आईपासनं तोडू न्हाई.”

‘शुद्ध’मधले ‘श’ आणि ‘द्ध’ आमच्या भिंतीवर नव्हते; ते दयाला येतच नव्हते. अक्काची एस.टी. सुटेपर्यंत मी त्याविषयी मौन पाळले.

“मामंजी,” संध्याकाळी मेरी म्हणाली, “आता तरी त्या भिंतीला चुना लावा.”

“अजून अभ्यास राहिला आहे,” मी म्हणालो. मग खडू घेतला आणि त्रिकोणाशेजारी, पुरेशा मोठ्या आकारात, ओळंब्यात आधी ‘श’ काढला. दया चौकट घेऊन तयारच होती.